एका महिन्यात कादंबरीचा पहिला खर्डा कसा लिहावा

एका महिन्यात कादंबरी लिहून होत नाही. एका महिन्यात होतो तो तिचा पहिला खर्डा, म्हणजे आरंभापासून शेवटापर्यंत सलग जाणारे, जागोजागी ठिगळे लावलेले आणि काही ठिकाणी सपशेल फसलेले चाळीसेक हजार शब्दांचे लेखन. हे आधीच मान्य केले की पुढचे बरेचसे सोपे होते, कारण बहुतेकांची कादंबरी पहिल्या प्रकरणाच्या पुढे सरकत नाही ती नेमकी हे मान्य नसल्यामुळे. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी पहिले प्रकरण अकरा वेळा लिहिले, त्यातील पावसाचे वर्णन तर इतके घासले की त्यात पाऊसच उरला नाही, आणि दुसऱ्या प्रकरणाचा एक शब्दही कधी कागदावर आला नाही.

यावरचा उपाय मला आमच्या शेजारच्या अक्कांकडे सापडला. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात आणि मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे ठरते, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. अक्का रात्रीच पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सकाळी पत्र्याचा मापाचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने पाने कापतात, मग सूप मांडीवर घेऊन बसतात आणि पान, तंबाखू, वळकटी, दोरा, तोंड बंद करणे हा क्रम हात आपोआप करत राहतो. वळलेली विडी त्या पुन्हा उचलून पाहत नाहीत. खराब विड्या बाजूला काढण्याचे काम, म्हणजे छाट, दुसऱ्या दिवशी कारखान्यात होते आणि ते दुसराच माणूस करतो. मी एकदा विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘वळताना बघत बसलं तर हजार कधी व्हायचं?’ महिनाभरात खर्डा पुरा करण्याची सगळी युक्ती या प्रश्नात आहे: तयारी आदल्या रात्री करावी, वळण्याच्या वेळी फक्त वळावे आणि छाट दुसऱ्या दिवसावर, किंबहुना दुसऱ्या महिन्यावर टाकावी.

महिना आणि शब्दसंख्या ठरवणे

महिन्यात कादंबरी लिहिण्याचे हे आव्हान जगभर पसरले ते अमेरिकेतून. १९९९ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी यांनी एकवीस जणांना घेऊन हा खेळ सुरू केला आणि दुसऱ्या वर्षापासून तो नोव्हेंबरमध्ये हलवला, कारण तिकडे नोव्हेंबरची हवा घराबाहेर पडू नये अशीच असते. पन्नास हजार शब्द हे लक्ष्य तेव्हापासून रूढ झाले. पुढे त्याची संस्था झाली आणि २०२५ च्या मार्चअखेरीस तिने आपले काम थांबवत असल्याचे जाहीर केले. तरी लेखकांचे त्यामुळे काही अडत नाही. महिना आणि वही कोणत्याही संस्थेच्या मालकीची नसते.

मूळ आयोजकांनी महिना त्यांच्याकडच्या हवेनुसार निवडला होता, तसा तो आपणही आपल्या गावानुसार निवडावा. सोलापुरात एप्रिल आणि मे लिहिण्यासाठी निरुपयोगी आहेत. दुपारी पंखा गरम हवाच फिरवतो आणि संध्याकाळी लग्ने असतात. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार भरतो आणि घरी पाहुणे येतात. नोव्हेंबरमध्ये कधी दिवाळी येते, कधी दिवाळीनंतरचे उरलेले पाहुणे येतात. माझ्या मते डिसेंबर सर्वांत बरा. पहाटे थंडी असते, अंगावर चादर घेऊन बसता येते आणि महिन्याला एकतीस दिवस मिळतात. एकच मोठा धोका म्हणजे शेतावरच्या हुरड्याची आमंत्रणे, आणि ती नाकारावीत असे मी कोणालाही सांगणार नाही.

पन्नास हजार हा आकडा मात्र मराठीत जसाच्या तसा घेऊ नये. आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितो. ‘गिरणीसमोरच्यांनी’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे आणि इंग्रजीत तेवढ्या मजकुराला चार-पाच शब्द लागतात. तोच ऐवज मराठीत कमी शब्दांत मावत असल्याने चाळीस हजार हे लक्ष्य मला न्याय्य वाटते. छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द धरले, तर ते एकशे चाळीस-पन्नास पानांचे पुस्तक होते. (शब्दसंख्या वाढवण्यासाठी ‘घरासमोर’ तोडून ‘घरा समोर’ असे लिहिण्याचा मोह तिसऱ्या आठवड्यात होतो, हे अनुभवाने सांगतो.)

आता हिशेब. एकतीस दिवसांपैकी चार दिवस आधीच सुटीचे धरावेत: एक हुरड्याचा, एक आजारपणाचा, एक लग्नाचा आणि एक निव्वळ आळसाचा. उरलेल्या सत्तावीस दिवसांत रोज १,५०० शब्द लिहिले, की ४०,५०० होतात. रोजचे १,५०० शब्द किती वेळ घेतील हे अंदाजाने ठरवू नये. नोव्हेंबरमध्येच तीन वेगवेगळ्या दिवशी घड्याळ लावून पंधरा-पंधरा मिनिटे न थांबता लिहावे आणि शब्द मोजावेत. माझे पंधरा मिनिटांत दोनशे होतात, म्हणजे मला रोज दोन तासांना थोडाच कमी वेळ लागतो. तुमचे शंभरच होत असतील तर लक्ष्य वीस हजारांवर आणून दीर्घकथा लिहावी. पुरी झालेली दीर्घकथा अर्धवट कादंबरीपेक्षा पुष्कळ बरी.

पाने भिजवणे: नोव्हेंबरमधील तयारी

काही जण कोणतीही तयारी न करता पहिल्या तारखेला बसतात आणि त्यांचे निभते. माझे निभत नाही, म्हणून ही पद्धत सांगतो.

आधी एका वाक्यात उत्तर लिहावे: कोणाला काय हवे आहे, ते कधीपर्यंत हवे आहे आणि आडवे कोण येते. ‘सोलापुरातील यंत्रमागांची वाताहत’ हा विषय झाला, गोष्ट झाली नाही. गोष्ट अशी होईल: पूर्व भागातील एका घरात वडील गेल्यावर मागे राहिलेले दोन माग भंगारात काढायचे ठरले आहे, पुण्यात नोकरी करणाऱ्या थोरल्या भावाला घराच्या हप्त्यासाठी ते पैसे हवे आहेत, धाकट्या बहिणीला त्याच मागांवर टॉवेल काढून गड्ड्यात विकायचे आहेत आणि भंगारवाला संक्रांतीनंतर येणार आहे. या वाक्यात मुदत आहे, दोन्ही बाजूंना वाजवी कारण आहे आणि भाऊ दुष्ट नाही. भाऊ दुष्ट असता तर कादंबरी दहाव्या दिवशी संपली असती, कारण दुष्टाशी भांडण फार काळ चालत नाही. शेवटही ढोबळपणे ठरवून ठेवावा. तो लिहिता-लिहिता बदलला तर बदलू द्यावा, पण दिशा नसेल तर दुसऱ्या आठवड्यात पात्रे नुसती चहा पीत बसतात.

त्यानंतर प्रसंगांची कार्डे करावीत. यासाठी विकतची कार्डे लागत नाहीत. घरात पडलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू उत्तम चालतात. एका कार्डावर एक प्रसंग आणि त्यात चारच गोष्टी लिहाव्यात: कुठे, कोण, त्याला या घटकेला काय हवे आहे आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदलते. वरच्या गोष्टीतील एक कार्ड असे असेल: ‘मागाची खोली, रात्र. बहीण एकटी माग चालू करून पाहते. तिला आवाज ऐकायचा आहे. माग चालतो, पण शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणते, बापाचा आवाज आला असं वाटलं.’ चौथी जागा कोरी राहत असेल, तर तो प्रसंग नसून वर्णन आहे असे समजावे आणि ते दुसऱ्या एखाद्या प्रसंगात मुरवावे. एक प्रसंग साधारण दीड हजार शब्दांचा धरला तर सत्तावीस कार्डे लागतात. मी बावीस करतो. उरलेले प्रसंग लिहिताना आपोआप सुचतात आणि ते बहुधा ठरवलेल्यांपेक्षा जिवंत असतात.

पात्रांची लांबलचक चरित्रे लिहून ठेवण्यात वेळ घालवू नये. नावे मात्र वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी घ्यावीत, नाहीतर शारदा, शकुंतला आणि शैलजा यांच्यात लेखकच गोंधळतो.

भाषेचे तीन निर्णय पहिल्या तारखेआधी घ्यावेत, कारण महिन्याच्या मध्यावर ते घेत बसले तर दोन दिवस वाया जातात. पहिला, निवेदनात ‘केले, गेले’ लिहायचे की ‘केलं, गेलं’. दुसरा, निवेदक कोण: ‘मी’ की ‘ती’. तिसरा आणि सोलापूरच्या लेखकाला सर्वांत जास्त छळणारा निर्णय म्हणजे संवाद कोणत्या बोलीत लिहायचे. आपल्या शहरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलली जाते आणि त्यातून घडलेली ‘काय करायलाय बे’ (म्हणजे ‘काय करतोयस रे’) ही मराठी पुस्तकात आली की वाचक सुखावतो. पण ‘करायलाय’ लिहायचे, ‘करालाय’ लिहायचे की आणखी कसे, हे एका कागदावर दहा-बारा क्रियापदांपुरते लिहून भिंतीला लावावे. प्रत्येक पात्राच्या तोंडी ‘बे’ घालू नये. कोण कोणाला ‘बे’ म्हणू शकतो आणि कोण म्हणू शकत नाही, यातच नाती दिसतात. वरच्या गोष्टीतला भाऊ बहिणीशी तेलुगूत बोलता-बोलता पैशांचा विषय निघाला की मराठीवर येतो, एवढ्या एका निरीक्षणावर अख्खा प्रसंग उभा राहू शकतो.

साधनांबाबत थोडक्यात. वहीत लिहीत असाल तर आपल्या अक्षरातील एका पानावरचे शब्द मोजून ठेवावेत आणि पुढे पानेच मोजावीत. संगणकावर किंवा मोबाइलवर लिहीत असाल तर युनिकोडमध्येच लिहावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की चौकोन आणि चिन्हे दिसू लागतात. बोलून लिहिण्याची सोय मराठीत उपलब्ध आहे आणि संवादांसाठी ती उपयोगी पडते, मात्र विरामचिन्हे आणि आडनावे नंतर दुरुस्त करावी लागतात. रोज रात्री लिहिलेल्याची एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

रोजचे वळण

वेळ ठरवताना घराचे वेळापत्रक खरेखुरे मांडावे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशीची पहाट लेखनाची नसते, ती घागरींची असते. म्हणून मी पाण्याच्या दिवशी रात्री आणि इतर दिवशी पहाटे लिहितो, आणि हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवतो. घरात जागा नसेल तर वाचनालयाची अभ्यासिका चांगली. मागांच्या खटखटाटात वाढलेल्या काहींना तिथली शांतता मानवत नाही, त्यांनी घरीच बसावे.

घरच्यांना मात्र आधी सांगावे. ‘मी कादंबरी लिहितो आहे’ असे सांगितल्यावर पुढचे महिनाभर ‘झाली का?’ हा प्रश्न ऐकावा लागतो, म्हणून मी ‘डिसेंबरभर पहाटेचे दोन तास मला एक काम आहे’ एवढेच सांगतो. सोबतीला लिहिणारा एखादा मित्र असेल तर त्याच्याशी रोज रात्री फक्त आकड्याची देवाणघेवाण करावी. मजकूर एकमेकांना दाखवू नये. दाखवला की तो प्रेमाने का होईना, पण छाट करतो.

बसल्यावर पाळायचे नियम थोडे आहेत, पण ते कडक आहेत. कालचे शेवटचे अर्धे पान वाचावे, त्याहून मागे जाऊ नये. वाक्य चुकले तर खोडू नये, त्याच्या पुढे बरे वाक्य लिहावे आणि चालू पडावे. माहिती अडली तर शोधायला उठू नये. तिथे दोन फुल्या मारून पुढे जावे. बहिणीला सुताचे बीम, म्हणजे मागावर चढवायचा सुताचा रूळ, किती रुपयांना मिळाले, १९३० च्या मेमध्ये शहरात मार्शल लॉ लागला तेव्हा आजोबा कोणत्या गल्लीत लपले, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन कधी मिळाले, असे प्रश्न लिहिताना उगवतातच. त्यांपैकी कोणत्याही एकाचे उत्तर शोधायला मोबाइल हातात घेतला की पाऊण तास जातो. ‘बीम ×× रुपयांना मिळाले’ असे लिहावे. महिना संपल्यावर फुल्या शोधत सगळी उत्तरे एका बैठकीत मिळवता येतात, आणि त्या वेळी निम्म्या प्रश्नांची गरजच उरलेली नसते.

मध्येच कथानक बदलले तर काय करावे, हा प्रश्न नेहमी येतो. समजा, पंधराव्या दिवशी लक्षात आले की भाऊ पुण्यात नोकरीला नाहीच, त्याची नोकरी गेली आहे आणि तो ते लपवतो आहे. कादंबरी यामुळे सुधारते, पण मागची चौदा दिवसांची पाने आता खोटी ठरतात. ती दुरुस्त करायला मागे जाऊ नये. एका कोऱ्या कार्डावर ‘भावाची नोकरी दिवाळीतच गेली आहे, पहिल्यापासून’ असे लिहून ते बाजूला ठेवावे आणि सोळाव्या दिवशी जणू ते पहिल्यापासून तसेच होते असे गृहीत धरून लिहावे.

उठण्यापूर्वी पाच मिनिटे पाने भिजवावीत, म्हणजे उद्याचे कार्ड काढून त्यावर पहिले वाक्य लिहून ठेवावे. प्रसंग पुरा संपवून उठण्यापेक्षा तो ऐन रंगात असताना उठलेले बरे. दुसऱ्या दिवशी पहिली वीस मिनिटे वाया जात नाहीत.

मागे पडल्यावर

पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसरा आठवडा वाईट असतो आणि तो जवळपास सर्वांचाच वाईट असतो: नवेपणा संपलेला असतो, शेवट दिसत नसतो आणि दुसरी एखादी फार सुंदर कादंबरी सुचू लागते. त्या नव्या कादंबरीला एक कार्ड द्यावे आणि ते कपाटात ठेवावे.

मागे पडल्यावर घाबरण्याआधी भागाकार करावा. समजा, बारा तारखेच्या रात्री १८,००० शब्द व्हायला हवे होते आणि ११,००० झाले आहेत. तूट सात हजारांची, ऐकायला भयंकर. पण चाळीस हजारांना २९,००० उरले आहेत आणि दिवस एकोणीस उरले आहेत, म्हणजे रोज साधारण १,५२६. ठरलेल्या १,५०० पेक्षा अवघे सव्वीस जास्त, कारण चार सुट्यांची शिल्लक त्यात खर्ची पडली. हुरडा गेला, खर्डा वाचला. रविवारी एका बैठकीत सात हजार लिहून तूट भरून काढण्याचा पराक्रम मात्र करू नये. सोमवारी आणि मंगळवारी हात चालत नाही आणि तूट पुन्हा तिथेच येते.

कार्डावरचा पुढचा प्रसंग काही केल्या सुरू होत नसेल, तर त्याला ओलांडून जो दिसतो आहे तो प्रसंग लिहावा. मधल्या जागी ‘इथे भंगारवाला येतो, भाव ठरतो’ अशी एक ओळ पुरते. कधी कधी नंतर कळते की तेवढी ओळच पुरेशी होती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकदा उरलेली कार्डे आणि उरलेले दिवस शेजारी मांडून पाहावेत. कार्डे जास्त असतील तर ती कमी करावीत, पण शेवटचा प्रसंग काहीही झाले तरी एकतीस तारखेपूर्वी लिहावा, मग मध्ये चार भोके राहिली तरी चालतील. भोके असलेला पण शेवट असलेला खर्डा दुरुस्त करता येतो.

छाट

एक जानेवारीला खर्डा वाचू नये आणि कोणत्याही प्रकाशकाकडे तर मुळीच पाठवू नये. त्याच्या पानांची एक छापील प्रत काढावी, वहीत असेल तर वही, आणि ती दोऱ्याने बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावी. आपल्याकडे यासाठी सोयीची मुदत तयारच आहे: यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक होऊ द्यावी, मैदानावरचे पाळणे उतरू द्यावेत आणि गड्डा उठल्यावर गठ्ठा खाली काढावा.

पहिले वाचन एकदोन दिवसांत सलग करावे आणि हातात पेन्सिलच घ्यावी. शुद्धलेखन सुधारू नये, वाक्ये घासू नयेत. समासात तीनच खुणा कराव्यात: जिथे कंटाळा आला तिथे एक, जिथे काही कळले नाही तिथे एक आणि जिथे वाचताना मान वर करावीशी वाटली नाही तिथे एक. त्यानंतर कार्डे पुन्हा पसरून तिसऱ्या खुणेची कार्डे एका ओळीत लावावीत. खरी कादंबरी बहुधा त्या ओळीत असते. जे गळेल ते फेकू नये, वेगळ्या पाकिटात ठेवावे. मागांच्या त्या गोष्टीचा माझा खर्डा मी असा लावला, तेव्हा पावसाचे वर्णन, वडिलांचे आजारपण आणि भावाचे पुण्याहून येणे ही पहिली तीन कार्डे पाकिटात गेली आणि कादंबरी चौथ्या कार्डापासून, रात्री माग चालू करण्यापासून सुरू झाली.